दोन कारल्यांचा साज

श्रावणात आमच्या मुलुंडला एका सभागृहात पारंपरिक दागिन्यांचे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शन कसले, विक्रीच ती. पण दाराशी रांगोळी, आत सनईचे मंद सूर आणि प्रत्येक दागिन्यापुढे एक छापील पाटी असा थाट असल्यामुळे नुसते पाहून परत येणाऱ्या बाईला ओशाळे वाटत नव्हते. मी नुसते पाहायलाच गेले होते. मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे आणि सोन्याने दहा ग्रॅममागे लाख रुपयांची पायरी २०२५ सालीच ओलांडली. तेव्हा बालवाडीत शिकवणाऱ्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईने अशा ठिकाणी डोळ्यांनी खरेदी करावी आणि हाताची घडी घालून बाहेर पडावे, हे शहाणपण मला आहे.

कोल्हापुरी साजापुढे मी थांबले. पाटीवर लिहिले होते, की साजात एकवीस पाने असतात. दहा पाने म्हणजे विष्णूचे दशावतार, आठ पाने म्हणजे अष्टमंगल, एक माणिक, एक पाचू आणि शेवटचे पान म्हणजे ताईत. प्रत्येक पान शुभ आणि शास्त्रोक्त. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने गोड आवाजात पुस्ती जोडली, "यातलं एक पानसुद्धा बदललं ना, तर दोष लागतो."

मी घरी आले. कपाट उघडून आईचा साज काढला आणि जाजमावर पसरून पाने मोजली. एकवीस भरली. पण त्यांत कारली दोन होती, आणि भुंगा नव्हताच.

हे मला नवे नव्हते. लहानपणापासून ती दोन कारली मी पाहत आले आहे. पण त्या दिवशी प्रथमच मला ती चूक वाटली. सोन्याच्या इवल्याशा तुकड्याने चाळीस-पन्नास वर्षे कुणाचे काही बिघडवले नव्हते. एका छापील पाटीने त्याला पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवले! त्या पाटीवर मला रागच आला. राग आला, की आम्ही मास्तर माणसे करतो तेच मी केले. तांबड्या शाईची लेखणी घेऊन ती पाटी तपासायला बसले. हा लेख म्हणजे तो तपासलेला पेपर समजावा.

पहिली गोष्ट हिशोबाची. दहा आणि आठ अठरा, माणिक आणि पाचू मिळून वीस, ताईत एकविसावा. बेरीज बरोबर आहे. पण बेरीज बरोबर असली म्हणजे उदाहरण सुटले असे होत नाही, हे माझी बालवाडीतली मुलेही पुढे पहिलीत जाऊन शिकतात. साजात प्रत्यक्ष दिसते काय? चंद्र, शंख, कमळ, बेलपान, मासा, कासव, नाग, भुंगा, वाघनख, कीर्तिमुख, कारले. यांतला मासा आणि कासव आपण खुशाल पहिल्या दोन अवतारांच्या नावे मांडू. वाघनखाला ओढूनताणून नरसिंहाकडे नेऊ. पण पुढे? वामनाची छत्री, परशुरामाचा परशू मी अजून कुठल्या साजात पाहिलेला नाही. उलट बेलपान हे शंकराचे. ते विष्णूच्या दहा अवतारांत कोणत्या वाटेने शिरले?

आता अष्टमंगल घ्या. त्याची एकच यादी नाही. एका यादीत सिंह, बैल, हत्ती, कलश, पंखा, ध्वज, भेरी आणि दीप येतात. जैनांच्या यादीत स्वस्तिक, श्रीवत्स, नंद्यावर्त, वर्धमानक, भद्रासन, कलश, माशांची जोडी आणि आरसा येतात. दोन्ही याद्या वरून खाली आणि खालून वर वाचून पाहिल्या, तरी भुंगा सापडत नाही. आणि कारले तर नाहीच नाही. कारले कोणत्याही शास्त्रात शुभ म्हणून सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही. वैद्यकात सांगितले असेल तेवढेच.

मग ही मंडळी साजात आली कुठून? मला वाटते, ती देव्हाऱ्यातून आलेली नाहीत. परसातून आणि शेतातून आली आहेत. आपल्या दागिन्यांची नावे एकदा नुसती ओठांवर घोळवून पाहा. बोरमाळ, पोहेहार, चिंचपेटी, जोंधळी पोत, तांदळी पोत, गहूतोडे, बकुळीहार. आणि साजाच्या दोन पानांमध्ये जे मणी ओवतात ते जवमणी. ही दागिन्यांची यादी आहे, की दिवाळीच्या आधी वाण्याकडे पाठवायची? ज्या बायकांनी ही नावे रूढ केली त्यांच्या दृष्टीने घरात जोंधळा असणे हेच भाग्य होते. सोने मिळाले तेव्हा त्यांनी त्याला जोंधळ्याचा आकार दिला. धान्य सोन्यासारखे असावे असे आपण म्हणतो. त्यांनी सोनेच धान्यासारखे करून टाकले. या उलटापालटीत एक मिस्किलपणा आहे. डोळे मिटून, हात जोडून तो कळत नाही. त्याला थोडे हसावे लागते.

पायांतली मासोळी घ्या. मासा शुभ, मासा भरभराटीचा, हे खरेच. पण पाण्यातला मासा उचलून सुनेच्या पायाच्या बोटात घालावा, म्हणजे ती चालू लागली की तो जमिनीवर पोहतो, ही कल्पना कुठल्या शास्त्रकाराची नव्हे. ती कुणा सोनाराची किंवा त्याच्या पुढ्यात बसलेल्या कुणा खट्याळ बाईची असली पाहिजे. अंधेरीला वर्सोव्याच्या बाजारात एका कोळिणीच्या कानांत मी सोन्याचे मासे पाहिले. पुढ्यात पाटीत रावस, कानांत मासे. मी त्यांचे कौतुक केले तेव्हा ती म्हणाली, "हे तेवढं विकायचं नाय हां, बाई." तिने त्या माशाचा अर्थ एका वाक्यात सांगितला. पाटीवर तसा अर्थ छापता येत नाही.

आता कारल्याकडे येते. भोंडल्याला फेर धरलेल्या कुठल्याही बाईला कारल्याचा वेल माहीत आहे. सून माहेरी जायला निघते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरून होते, तर त्याला कोंब येऊ दे. कोंब येतो, तर वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी होऊ दे. गाणे लांबत जाते आणि माहेरही. हस्ताच्या पावसात हत्तीभोवती नाचत पोरींनी म्हणायचे हे गाणे. पण त्यात संसाराचा केवढा कडूपणा गोळीसारखा साखरेत घोळवला आहे! ही गाणी म्हणणाऱ्या मुलीच्या गळ्यात तिचा बाप सोन्याचे कारले घालतो, तेव्हा तो काय सांगत असतो? मला वाटते, तो म्हणतो, "बाई गं, कडू तर वाट्याला येईलच. पण निदान हे एक कडू सोन्याचे असू दे."

ही माझी कल्पना झाली. आईच्या साजातल्या दुसऱ्या कारल्याची गोष्ट मात्र कल्पना नव्हे.

माझी आई गडहिंग्लजकडची. लहानपणी ती कारले खात नसे. ताटात वाढलेली भाजी ती भाकरीखाली लपवायची आणि संधी साधून गोठ्यातल्या गाईपुढे टाकायची. गाईचे दूध कडू लागते अशी तक्रार आजोबा तोंड गंभीर करून महिनोन् महिने करीत. १९७४ साली आईचे लग्न ठरले आणि आजोबा तिला घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत गेले. सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून, पोटात लाख भरून साजाची पाने करतात; त्यामुळे थोड्या सोन्यात पान भरदार दिसते. सोनाराने कापडावर पाने मांडली आणि क्रमाने नावे सांगितली. आजोबांनी भुंगा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हितं आनि एक कारलं बसवा." सोनार म्हणाला, असे करीत नाहीत. आजोबा आईकडे वळून म्हणाले, "पानातलं लपिवतीस. आता गळ्यातलं कुठं टाकशील?"

आई दुकानात हसली आणि एस्टीत बसल्यावर रडली, असे तीच सांगायची. ती पुढे पन्नास वर्षे कारले खाल्ल्याशिवाय जगली. पण साज घातला, की बोलता बोलता तिचा हात नेमका त्या पानाकडे जायचा. आजोबा गेले त्या वर्षी तिने तो साज घातलाच नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. मागे राहिली ती ही एकवीस पाने, आणि त्यांत मोजणीला चुकलेले एक.

आता मी पाटीवरचा माझा मुख्य आक्षेप सांगते. पाटीने साजाचा अर्थ खोटा सांगितला असे मी म्हणत नाही. दशावतारांची कल्पना कुणाच्या तरी श्रद्धेतूनच आलेली आहे, आणि एखाद्या बाईला गळ्यात दहा अवतार आहेत म्हणून धीर येत असेल तर तो धीर खराच. आक्षेप आहे तो 'शास्त्रोक्त' या शब्दाला. पाटी अर्थ सांगून थांबत नाही. ती अर्थाचे दार लावून घेते. एकवीस पानांचे एकवीस अर्थ तिने भरून टाकल्यावर आजोबांनी उभे राहायचे कुठे?

लेखिका म्हणून मला हा अनुभव आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत अंगणात एक फुटका रांजण आहे. गेली कित्येक वर्षे जिथे बोलायला जाते तिथे कुणीतरी उठून विचारते, की तो रांजण कशाचे प्रतीक आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. प्रतीक या शब्दाची मला थोडी धास्तीच आहे. मी सांगते, की आमच्या अंगणात तसा रांजण होता. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. एकदा मात्र घाटकोपरच्या एका सभेनंतर एक म्हातारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्याही होता हो. त्यात आम्ही लपायचो." त्या रांजणाचा याहून चांगला अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही. खूण ही अशी असते. ती सांगितल्याने कळत नाही. आपण तिच्यात जाऊन लपलो की कळते.

कुणी म्हणेल, ही सगळी सुशिक्षितांची लाडीगोडी झाली. शुभचिन्हे खेळ म्हणून आली नाहीत, भीतीतून आली. बाळे दगावत होती, साथी येत होत्या, म्हणून आया मनगटांत काळे मणी आणि गळ्यात वाघनखे बांधत होत्या. त्यांत हसण्यासारखे काय आहे? आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्या हाताने बाजूला सारणार नाही. पण भीती आणि खेळ ही दोन वेगळी घरे आहेत असे मला वाटत नाही. लहान मुलांत वावरणाऱ्या बाईला तसे वाटणे शक्यच नाही.

दरवर्षी जूनमध्ये आमच्या बालवाडीचा पहिला दिवस म्हणजे रडण्याचा सोहळा. यंदा एक मुलगी काही केल्या राहीना. खाऊ झाला, बाहुली झाली, माझी मांडी झाली. शेवटी कोपऱ्यातला एक मुलगा उठून आला. त्याने शर्टात हात घालून काळ्या दोऱ्यातला आपला चांदीचा ताईत बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हणाला, "धर. यात वाघ आहे." ती थांबली. तिने ताईत कानाशी नेला आणि विचारले, "झोपलाय?" पुढचा अर्धा तास वर्गात कुणीही मोठ्याने बोलले नाही, वाघ जागा होऊ नये म्हणून. त्या मुलाच्या आईने ताईत भीतीने बांधला असेल. मुलाने त्याचा खेळ केला. पण काम दोघांचेही एकच होते: घाबरलेल्या जिवाला सोबत देणे.

वाघाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आम्ही मुलुंडकर आणि पलीकडचे बोरिवलीकर यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे आणि त्यात बिबटे आहेत. तिथले वारली वाघोबाला देव मानतात. दिवाळीच्या तोंडावर आपण वसुबारस करतो तेव्हा ठाणे-नाशिककडच्या डोंगरांतले आदिवासी वाघबारस करतात. ज्याची भीती त्याचीच पूजा, आणि त्याचेच नख बाळाच्या गळ्यात. आता हेच नख साहेबाच्या हाती गेल्यावर काय झाले पाहा. एकोणिसाव्या शतकात इथल्या इंग्रजांना वाघनखांचे दागिने करून घेण्याचा मोठा नाद होता. दोन नखे सोन्यात जडवून मडमेच्या छातीवर लावायची. आकार तोच, सोने तेच. पण आमच्या बाळाच्या गळ्यातले नख म्हणत होते, "वाघोबा, माझ्या लेकराला सांभाळ", आणि मडमेच्या छातीवरचे म्हणत होते, "हा आम्ही मारला." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने खऱ्या वाघनखांचा व्यापार बंद केला, हे फार चांगले झाले. सोन्याचे वाघनख पुरेसे आहे. भीती खरी असली म्हणजे झाले, नख खरे असण्याची गरज नाही.

साहेबाला मी सगळाच दोष देत नाही. खेळकरपणात तोही आमच्यामागे नव्हता. जुन्या इंग्रजी दागिन्यांच्या चित्रांचे एक पुस्तक मला पाहायला मिळाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या टाचण्या-पदकांत काय काय आहे! घोड्याची नाल, चार पानांचे गवत, पाकोळी, कोळी, मधमाशी आणि चक्क डुक्कर. जर्मन माणसाचे नशीब फळफळले, की तो आपल्याला डुक्कर मिळाले असे म्हणतो. कोंबडीच्या छातीचे दुबेळके हाडही सोन्यात घडवलेले आहे. जेवण झाल्यावर ते वाळलेले हाड दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचे. मोठा तुकडा ज्याच्या हाती येईल त्याची इच्छा पुरी व्हायची. अशुभ मानलेला तेराचा आकडासुद्धा त्यांनी शुभ म्हणून साखळीला अडकवला. खुद्द व्हिक्टोरियाला १८३९ साली अल्बर्टने वाङ्‌निश्चयाची जी अंगठी दिली ती सापाची होती आणि सापाच्या डोक्यात पाचू होता. आमच्याकडे नाग साजात बसतो, वेणीतही बसतो. तिकडे तो राणीच्या बोटाला वेटोळे घालून बसला. आणि घोड्याची नाल तर सातासमुद्रापलीकडे जायला नको. मुलुंड स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंत चालत गेले तरी दोन-चार दुकानांच्या उंबऱ्यांवर ठोकलेली दिसेल, वर ताजी लिंबू-मिरची. तिकडची माणसे नालेवर पूर्ण विश्वास ठेवून ती घालीत होती का? नसावीत. इकडचा दुकानदारही ठेवीत नाही. उधारी न देण्याची पाटी त्याने नालेच्या शेजारीच लावलेली असते. शुभचिन्हाची खरी जागा विश्वास आणि थट्टा यांच्या मधल्या उंबऱ्यावरच आहे.

अर्थ किती मोकळा असतो, याचे आणखी एक उदाहरण पुतळीहारात आहे. पुतळी हे मूळचे इटलीतल्या व्हेनिसचे सोन्याचे नाणे. ते १२८४ साली प्रथम पाडले गेले आणि व्यापारात फिरत फिरत आपल्या किनाऱ्याला लागले. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आहे. आमच्या बायकांना ना तो संत ठाऊक, ना तो प्रमुख. त्यांना नाण्यावर एक बाहुली दिसली. त्यांनी तिला पुतळी म्हटले आणि माळेत ओवले. पुढे आमच्या सोनारांनी स्वतःच्या पुतळ्या पाडल्या. शास्त्रोक्त अर्थ पाहायचा तर आमच्या कित्येक पणज्या गळ्यात ख्रिस्ती संत मिरवीत हळदीकुंकवाला गेल्या असतील! त्यांना दोष लागला का? मला तर वाटते, त्या संतालाही गंमत वाटली असेल.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथले अडकित्ते जरूर पाहावेत, पाय घासायच्या वज्र्या पाहाव्यात, दिवे पाहावेत. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात; पण त्या पात्यांची माणसे झाली, जनावरे झाली. हे सारे दिनकर गंगाधर केळकरांनी जमवले. ते स्वतः 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत, आणि संग्रहालयाला त्यांनी नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. एवढे दुःख उरात असलेल्या माणसाने घरोघरी फिरून गोळा काय केले, तर माणसांच्या हातांनी केलेला खेळ. तिथे गेले की मला प्रत्येक वेळी वाटते, कारागिराचा खेळ ही फावल्या वेळातली गोष्ट नव्हे. दुःखाच्या घरातही तिला जागा लागते.

इतके सगळे लिहिता येते; पण वागताना काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगते.

प्रदर्शनानंतर आठ दिवसांनी मी साज घेऊन आमच्या सोनाराकडे गेले. एक कडी सैल झाली होती, डाख द्यायचा होता. त्याने साज काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आत लाख आहे, ताई. मोडायचा झाला तर घट बरीच जाईल." मोडायचा नाही, असे मी म्हणाले. मग भिंग लावून त्याने पाने पाहिली आणि म्हणाला, "एक कारलं जास्त आहे. लग्नात घालणार ना? भुंग्याचा ठसा आहे माझ्याकडे. बदलून देतो, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको."

वर जे सारे लिहिले आहे ते तेव्हाही मला ठाऊक होते. तरीही मी गप्प राहिले. लेकीचे लग्न आहे, कारले कडू, आणि तेही दोन. एखाद्याने म्हटले तर? उद्या काही कमीजास्त झाले आणि माझ्याच मनात आले तर? शिकलेल्या मनाच्या तळाशी पाटीवरची ती मुलगी उभी असतेच, गोड आवाजात बोलत. मी त्याला म्हणाले, "दोन दिवसांनी सांगते."

मुलीला विचारले. ती पार्ल्याला नोकरी करते, सकाळची गाडी गाठण्यासाठी एका हाताने केस विंचरीत ती म्हणाली, "आजीचा आहे तसाच राहू दे." तिच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. माझा मिटला नाही.

त्या रविवारी बोरिवलीहून विहीणबाई याद्या करायला आल्या. बाई जुन्या वळणाच्या, बोलायला मोजक्या. साड्या पाहून झाल्या, भांड्यांचे ठरले. मग मी साजाची डबी पुढे केली. त्यांनी साज तळहातावर घेतला आणि एकेक पान बोटाने सरकवीत पाहू लागल्या. चंद्र, शंख, मासा, कासव. बोट पहिल्या कारल्यावरून पुढे गेले. दुसऱ्या कारल्यावर थांबले. त्यांनी चष्मा वर केला.

"हे दोनदा?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी मी उठले नाही. मी त्यांना आजोबांची सगळी गोष्ट सांगितली. भाकरीखालच्या भाजीची, कडू दुधाची, गुजरीतली. बोलता बोलता माझा आवाज कधी हलला ते मला कळले नाही. विहीणबाई ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्या थोडा वेळ पानाकडेच पाहत राहिल्या. मग एकदम हसू लागल्या.

"अहो, म्हणजे कारल्याचं बी पेरायला सांगायची माझी सोयच ठेवली नाहीत तुम्ही! मुलगी कारली घेऊनच यायची. आता तिला माहेरी जायला कुठल्या तोंडानं अडवू?"

माझी मुलगी दारात उभी होती. तीही हसली. विहीणबाईंनी साज आपल्या हाताने डबीत ठेवला, पाने सरळ केली आणि डबी माझ्याकडे न देता मुलीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी सोनाराकडे डबी नेऊन दिली आणि सांगितले, की तेवढ्या कडीला पक्का डाख द्या. पाने आहेत तशीच राहतील.